कूनावाराची तांबडी माती आणि तिच्याभोवतीची रेघ: एक प्रकरण अभ्यास

ऑस्ट्रेलियातल्या कूनावारा या वाईनच्या पट्ट्याची हद्द नेमकी कुठे संपते, एवढ्या एका प्रश्नावर सरकारी कमिटी, मग ट्रायब्युनल, मग फेडरल कोर्ट असं प्रकरण नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पार २००३ पर्यंत चाललं. भांडण वरवर मातीचं होतं. म्हणजे कुणाच्या बागेखाली तांबडी माती आहे आणि कुणाच्या नाही, असं. पण कागद जसजसे वाढत गेले तसं दिसायला लागलं की माती बघून नाव मोठं झालं हे खरं असलं तरी माती बघून हद्द काही आखता येत नाही. वाईनच्या ‘टेरुआर’बद्दल, म्हणजे जागेची माती-हवा वाईनमध्ये कशी उतरते याबद्दल, आपल्याकडे जे हल्ली बोललं जातं, विशेषतः नाशिककडे, त्या सगळ्यांनी हे प्रकरण एकदा नीट बघावं असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घेऊ. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, अ‍ॅडलेडपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, पेनोला नावाचं छोटं गाव, त्याच्या उत्तरेला हा पट्टा सुरू होतो. डोंगर नाही, उतार नाही, नदी नाही. वाईनच्या जाहिरातीत दाखवतात तसलं टेकड्यांचं दृश्य इथे शोधून सापडणार नाही, सगळं सपाट, समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर. समुद्र फार लांब नसल्याने हवा थंड, वसंतात दव गोठून कोवळी फूट जळायची भीती कायम, पाऊस बहुतेक हिवाळ्यात आणि तोही ६०० मिलिमीटरच्या आसपास. काढणी आपल्या मार्च-एप्रिलमध्ये, कारण तिकडचे ऋतू उलटे.

आणि या सपाट रानात साधारण १५ किलोमीटर लांब आणि जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर रुंद, काही ठिकाणी तर काहीशे मीटरच, अशी तांबड्या मातीची एक चिंचोळी पट्टी आहे. हिला म्हणतात टेरा रोसा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ही पट्टी किंचित उंच, इतकी किंचित की गाडीतून जाताना कळतही नाही, पण पाण्याला कळतं, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

खड्डा घेतला तर काय दिसतं

आपल्याकडे बाग लावायच्या आधी माती परीक्षणाला खड्डा घेतात तसा तिथे घेतला तर वरून खाली असं दिसतं: पहिला थर तांबडा, भुसभुशीत, बोटांत धरला तर मोकळा होणारा, चिकणमातीचा अंश असून पण ढेकूळ न बांधणारा. जाडी कुठे वीतभर, कुठे हातभर, एखाद्या ठिकाणी मीटरपर्यंत. तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्याखाली अचानक पांढरं, म्हणजे रंग हळूहळू बदलत नाही, तांबडं संपतं आणि पांढरं सुरू होतं, चुनखडीचा दगड. या दगडाच्या माथ्यावर एक कडक पापुद्रा असतो, कॅल्क्रीट म्हणतात त्याला, तो फोडला नाही तर मुळी वरच अडकते, म्हणून लागवडीआधी ट्रॅक्टरला रिपर लावून तो फोडून घेतात. पापुद्र्याखालची चुनखडी मात्र मऊ, सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारी. आणि अजून काही मीटर खाली गेलं की भूजल लागतं.

ही चुनखडी आली कुठून तर समुद्रातून. हजारो-लाखो वर्षांत समुद्र पुढे-मागे होत गेला आणि प्रत्येक वेळी किनाऱ्याची एकेक रांग मागे ठेवून गेला, शिंपल्यांच्या चुऱ्याची, वाळूची. वरची तांबडी माती बरेच दिवस असं समजत होते की चुनखडी झिजून झिजून उरलेला गाळ आहे. पण पुढच्या संशोधनात असं दिसलं की त्यातला बराचसा भाग वाऱ्याने आणलेली धूळ आहे, चुनखडीतून एवढी चिकणमाती निघणं हिशोबात बसत नाही. म्हणजे ज्या मातीवरून एवढी कोर्टबाजी झाली ती मूळची तिथली आहे की बाहेरून उडून आलेली इथूनच सुरुवात आहे, ही आपली माझी गंमत.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना जिथे जमीन जरा खोलगट होते तिथे काळी माती. रेंडझिना असं तिचं नाव, खाली चुनखडीच पण वर काळी, सेंद्रिय अंश जास्त, हिवाळ्यात ओली राहणारी. आपल्या डोक्यात काळी म्हणजे कसदार आणि तांबडी म्हणजे हलकी हे इतकं पक्कं बसलंय की हे वाचताना सुरुवातीला उलटंच वाटतं. वाईनच्या द्राक्षाला कसदार जमीन नकोच असते. काळ्या रानात वेल चालतो, शेंडा थांबत नाही, सगळी ताकद पानाकाडीत जाते, सावली वाढते, घड उशिरा पिकतात, आणि कॅबर्ने सोव्हिनियाँसारखं आधीच उशिरा येणारं वाण असेल तर थंडी पडायच्या आत पिकेलच याची खात्री नाही. मग वाईनमध्ये तो हिरवा, सिमला मिरचीसारखा वास राहतो. तांबड्या पट्टीवर पावसाचं पाणी झटकन खाली उतरतं, वसंतात जमीन लवकर वाफशावर येते, लवकर गरम होते, मुळी लवकर चालायला लागते. पुढे उन्हाळ्यात वरचा थर सुकला की वेलीला हळूहळू ताण बसतो, शेंडा थांबतो, पण खालची चुनखडी थोडं थोडं पाणी देत राहते म्हणून बाग जळत नाही. मणी लहान, साल जाड, रंग गडद.

हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहिलं कारण लोक ‘चुनखडीची चव वाईनमध्ये उतरते’ असं सर्रास म्हणतात, आणि ते तसं होत नाही. दगडाला द्राक्षात जायचा रस्ता नाही. मुळी विरघळलेली मूलद्रव्यं घेते, ती कुठल्याही जमिनीत तीच असतात, प्रमाण कमीजास्त, आणि वाईनमध्ये त्यांचं प्रमाण जिभेला कळण्याइतकं नसतं. फ्रान्समधल्या बोर्डोच्या मेडॉक भागात जेरार सेग्याँ या संशोधकांनी जे काम केलं त्याचाही निष्कर्ष हाच होता की चांगल्या बागांच्या मातीत खनिजांचं साम्य सापडत नाही, साम्य सापडतं पाण्याच्या वागण्यात. जास्तीचं निघून जातं, कमी पडलं तर खालून मिळतं. कूनावाराची तांबडी माती नेमकं हेच करते.

आपल्याकडचा द्राक्ष बागायतदार इथे लगेच विचारेल की अहो चुनखडीवर बाग? पानं पिवळी नाही पडत? प्रश्न रास्त आहे, आपल्याकडे चुनखडीच्या रानात लोह लागू होत नाही म्हणून फेरस सल्फेटच्या फवारण्या करून लोक थकतात. फरक असा की आपल्याकडे चुना बारीक भुकटी होऊन मातीत मिसळलेला असतो, मुळीच्या भोवतीच. तिकडे चुना खाली दगडाच्या रूपात आणि मुळी बरीचशी वरच्या तांबड्या थरात. शिवाय फायलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड साउथ ऑस्ट्रेलियात कधी पोचलेलीच नाही, त्यामुळे तिथे बऱ्याच बागा स्वतःच्याच मुळावर आहेत, खुंटरोप (दुसऱ्या जातीच्या मुळावर केलेलं कलम) नाही, आणि युरोपियन द्राक्षाची स्वतःची मुळी चुन्याला बऱ्याच अमेरिकन खुंटांपेक्षा चांगली तोंड देते.

नाव कसं मोठं झालं

जॉन रिडक हा स्कॉटिश माणूस, व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या धामधुमीत खाणकामगारांना सामान विकून पैसा केलेला, पुढे पेनोलाजवळ प्रचंड मोठी मेंढपाळीची जमीन घेऊन बसला. १८९० मध्ये त्याने त्यातली चांगली तांबडी जमीन काढून छोटे ब्लॉक पाडले आणि पेनोला फ्रूट कॉलनी म्हणून विकायला काढले, फळबागा आणि द्राक्ष लावा म्हणून. त्याच दशकात दगडी वायनरी बांधली, तीन त्रिकोणी छपरांची, जी आजही विन्स या वाईन कंपनीच्या लेबलवर दिसते. १९०१ मध्ये रिडक गेला आणि सगळं थंडावलं. पुढची पन्नास वर्षं या भागाला भाव नव्हता, गोड आणि कडक, वरून स्पिरिट मिसळलेल्या फोर्टिफाइड वाईनचा जमाना, कूनावाराची हलकी कोरडी लाल वाईन कोण पिणार, बराच माल ब्रँडीच्या भट्टीत गेला. बिल रेडमन आणि त्याचं घराणं तेवढं चिकाटीने टेबल वाईन, म्हणजे जेवणासोबतची साधी वाईन, करत राहिलं.

१९५१ मध्ये मेलबर्नच्या विन बापलेकांनी रिडकची जुनी वायनरी घेतली आणि लेबलवर कूनावारा हे नाव ठळक छापलं. त्या काळात ऑस्ट्रेलियात लोक ‘क्लॅरेट’, ‘बर्गंडी’ अशी उसनी नावं लावून विकत होते, त्यात ठिकाणाच्या नावावर वाईन विकणं धाडसाचं होतं. मग मिल्डारा, पेनफोल्ड्स, लिंडमन्स अशा मोठ्या कंपन्या आल्या, कॅबर्नेच्या लागवडी वाढल्या, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत ऑस्ट्रेलियन कॅबर्ने म्हटलं की कूनावारा हे समीकरण झालं. द्राक्षाला भाव, जमिनीला भाव. तांबडी पट्टी तर भरून गेली, मग साहजिकच लोक कडेला सरकले, काळ्या रानात, उत्तरेच्या वालुकामय जमिनीत, पश्चिमेला, आणि तिथला मालही कूनावारा म्हणूनच बाजारात जायला लागला. तेव्हा त्याला आडवं यायला कायदाच नव्हता.

रेघ

कायदा आला युरोपमुळे. ऑस्ट्रेलियाला युरोपात वाईन विकायची होती, युरोपचं म्हणणं होतं शँपेन, बर्गंडी ही आमची नावं सोडा आणि तुमची स्वतःची नावं नीट नोंदवा. १९९४ चा करार झाला, त्याच्या तयारीत १९९३ मध्ये वाईन कायदा बदलून भौगोलिक निर्देशनांसाठी, म्हणजे ठिकाणांची नावं आणि हद्दी नोंदवण्यासाठी, एक कमिटी नेमली गेली, आणि प्रत्येक भागाला आपापली हद्द ठरवून घ्यायची वेळ आली. बहुतेकांची फार गडबड न होता झाली. कूनावाराची नाही.

‘रीजन’ व्हायला कायद्याचे निकष साधे वाटतात: सलग जमीन हवी, कमीत कमी पाच वेगवेगळ्या मालकांच्या बागा आणि प्रत्येक निदान पाच हेक्टरची, वर्षाला सहसा किमान ५०० टन वाईनची द्राक्षं, शेजारच्या भागापेक्षा मोजता येईल असा वेगळेपणा आणि आतल्या आत बऱ्यापैकी सारखेपणा. हद्द ठरवताना मग भूरचना, हवामान, निचरा, पाण्याची उपलब्धता, काढणीची तारीख, इतिहास, नावाचा पारंपरिक वापर, रस्ते आणि जुने नकाशे असं सगळं बघायचं. माती ही या यादीतली एक गोष्ट, एकमेव नाही. वकिलांना एवढं पुरलं.

पट्टीवरच्या लोकांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. हे नाव मोठं झालं ते या मातीवर झालेल्या वाईनमुळे, रेघ ढिली केलीत तर नावाचं पाणी होईल. बाहेर राहणाऱ्यांचं म्हणणंही तितकंच समजण्यासारखं होतं, की आम्ही वर्षानुवर्षं याच नावाने विकतोय, तुमच्यातल्याच वायनऱ्या आमचा माल घेऊन कूनावारा म्हणून बाटलीत भरत होत्या, तेव्हा आमची माती चालली आणि आता चालत नाही? उत्तरेकडचा पेटालुमाचा शेअरफार्मर्स मळा हे याचं गाजलेलं उदाहरण, पेटालुमा ही नावाजलेली कंपनी, आणि कमिटीच्या रेघेने तो बाहेर पडला.

कमिटीने नुसती तांबडी पट्टी धरलीच नव्हती, तिची रेघ पट्टीपेक्षा बरीच मोठी होती. तशी धरताही आली नसती. एक तर तांबडी माती अखंड नाही, मध्ये मध्ये काळे तुकडे, एकाच बागेत अर्ध्या ओळी तांबड्यात आणि अर्ध्या काळ्यात असं कैक ठिकाणी. मग काय, एका मालकाच्या एका प्लॉटातल्या सातव्या ओळीपर्यंत कूनावारा आणि आठवीपासून नाही? दुसरं म्हणजे तांबडी माती कूनावाराची मक्तेदारीही नाही, उत्तरेला लागूनच रॅटनबुली, त्याच्या पुढे पॅडथवे, समुद्राकडे माउंट बेन्सन, सगळीकडे चुनखडीवर टेरा रोसा सापडते. (रॅटनबुलीला खरं तर कोपामरा हे नाव हवं होतं, पण ते आधीच एका वायनरीच्या ट्रेडमार्कमध्ये अडकलेलं, म्हणून हे जीभ वळवणारं नाव पदरी पडलं.) आणि तिसरं, नुसत्या रंगावर जायचं तर तांबडं संपून काळं सुरू होताना मधे जे तपकिरी असतं त्याचं काय करायचं, तो बदल कुठे झाला हे दोन मृदाशास्त्रज्ञ दोन ठिकाणी दाखवतील आणि दोघंही बरोबर असतील.

तर कमिटीच्या निर्णयावर बाहेर राहिलेल्यांनी अपिलं टाकली, प्रकरण अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलकडे गेलं. माती, पाणी, इतिहास, जुने नकाशे यांचा ढीग पडला. २००१ मध्ये ट्रायब्युनलने हद्द आणखी वाढवली, बरेच आत आले, तरी काही बाहेर राहिलेच. ते फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठापुढे गेले आणि २००२ मध्ये जिंकले. जानेवारी २००३ मध्ये कूनावाराची हद्द अधिकृतपणे नोंदवली गेली. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत हद्द फक्त रुंदच होत गेली, एकदाही आवळली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. बाहेर राहणाऱ्याचं नुकसान रोकड असतं, त्यामुळे तो वकील लावतो. आत असलेल्याचं नुकसान पातळ आणि लांबचं असतं, शेजारी आणखी कुणी आला म्हणून तो किती खर्च करणार?

माझं मत विचाराल तर निकाल बरोबर होता, कारणं मात्र मातीची नव्हती. भौगोलिक नाव हे ठिकाणाला दिलेलं असतं, मातीला नाही, आणि ठिकाण म्हणजे लोक, रस्ते, सवयी, बाजार हे सगळं आलं. आपल्या हापूसचं बघा, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक निर्देशन) मिळाला तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना, आता या पाचही जिल्ह्यांत जांभ्या दगडावरची कलमं आणि खाडीकाठच्या जमिनीतली कलमं एकच फळ देतात असं देवगडच्या माणसापुढे म्हणून दाखवा! पण म्हणून जिल्ह्याच्या आत सड्यासड्यावर रेघा ओढायला कोणी बसलं नाही, आणि बसलं असतं तर अजून बसलेलंच असतं.

कूनावारात पुढे काय झालं हे जास्त उपयोगाचं आहे. हद्द मोठी झाली म्हणून नाव बुडालं असं काही झालं नाही. झालं असं की वायनऱ्या आतल्या आत बारकाईने बघायला लागल्या. एका बागेचे तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी काढणी, वेगळी टाकी, मातीचा नकाशा, वेलींचा जोर दाखवणारे हवाई फोटो. त्यातून हेही दिसलं की उथळ काळी माती जिथे निचरा बरा आहे तिथे चांगलं द्राक्ष येतं, आणि तांबडी माती जिथे फारच पातळ आहे तिथे उन्हाळ्यात वेल मान टाकतो. तांबडं म्हणजे चांगलं हे ढोबळ सूत्र होतं, बऱ्याच अंशी बरोबर, पण मोजायला लागल्यावर महत्त्वाची ठरली ती थराची खोली आणि निचरा. रंग नुसता डोळ्यांना आधी दिसतो एवढंच.

नाशिकला ‘नाशिक व्हॅली वाईन’ हा जीआय आहे. आपली जमीन बेसॉल्टची, चुनखडीच्या दगडाचा प्रश्न नाही, पण दिंडोरीकडच्या चढावरचा मुरमाड माळ आणि निफाडकडची गोदाकाठची भारी काळी यांच्यात पाण्याच्या वागण्याचा जो फरक आहे तो कूनावाराच्या तांबड्या-काळ्यापेक्षा कमी नाही, उलट आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो म्हणून जास्तच. टेबल द्राक्षाला, म्हणजे खायच्या द्राक्षाला, मणी फुगवायचा असतो, तिथे भारी जमीन आणि पाणी हाताशी असणं फायद्याचं. वाईनच्या द्राक्षाला फुगवण नको, त्यामुळे तोच शेतकरी तेच रान धरून वाण तेवढं बदलतो तेव्हा अडचण होते, ऑक्टोबर छाटणीनंतर पांढरी मुळी जोरात, शेंडा थांबत नाही, मग खुडत बसा. वायनरीने करार करताना साखर किती उतरली एवढंच विचारलं तर मुरमावरचा आणि काळ्यातला माल एकाच टाकीत जाणार. खड्डा घेऊन थराची खोली लिहून ठेवायला फार खर्च येत नाही. रेघ ओढायची नाही तरी नोंद असावी, कारण कूनावारात वाद पेटला तेव्हा सगळ्यात उपयोगी पडले ते जुने नकाशे आणि जुन्या खरेदीचे कागद.

जाता जाता बाटली घेणाऱ्यांसाठी. ऑस्ट्रेलियन नियमाप्रमाणे लेबलवर कूनावारा असेल तर आतली निदान ८५ टक्के द्राक्षं त्या २००३ च्या रेघेच्या आतली असतात. ती तांबड्या मातीवरची आहेत की काळ्या, याबद्दल ते नाव काहीच सांगत नाही. काही वायनऱ्या मागच्या लेबलवर टेरा रोसा असं स्वतःहून छापतात, पण माती कोणती ते लिहिण्याची सक्ती त्या नोंदणीत नाही.